पत्रपेटी फोडली, टपाल गेलं: आता आपलं नाव कसं वाचवायचं?

केतकीचं_बन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत राहतो. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळ्या घरांच्या मेलबॉक्सचं एकच पॅनेल आहे. काल रात्री कुणीतरी ते पहारीनं उचकटलं. एकेका घराचं दार फोडत बसले नाहीत, टपाल टाकताना पोस्टमन जे मोठं दार उघडतो तेच वाकवलं. त्यामुळे एका झटक्यात सगळ्यांचंच टपाल गेलं. सकाळी खाली जाहिरातींची पत्रकं तेवढी पडली होती. शेजाऱ्यांना कुंपणापाशी फाडलेले लिफाफे सापडले. त्यातला एक माझ्या नावाचा, आरोग्य विम्याचा. लिफाफा आहे, आतला कागद नाही.

नक्की काय गेलं ते कळायला मार्गच नाही. हे दिवस टॅक्सचे कागद यायचे आहेत. नवऱ्याचं नवीन क्रेडिट कार्ड आणि माझं ईएडी (इथे काम करायच्या परवान्याचं कार्ड), दोन्ही वाटेत होती. ओळखीतले म्हणतात, बँकेला फोन कर आणि सोडून दे. एवढ्यानं भागतं का? आपल्या नावावर कुणी कर्ज काढलं, खातं उघडलं तर? जाणकारांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

पिंपळपान

अरे देवा. आमच्या गल्लीतही मागे असं झालं होतं, त्यामुळे वाचते आहे. जाणकार येतीलच.

जुना_जाणता

केतकीताई, काय काय गेलं याची यादी करण्यात आजचा दिवस घालवू नका. ती यादी कधीच पुरी होत नाही. चोराला कागदाचं काही पडलेलं नसतं, त्या कागदानं कुठलं दार उघडतं ते त्याला हवं असतं. म्हणून दारं बंद करायला लागा, आणि पैसा सगळ्यात लवकर जिथून जातो ते आधी.

पहिला फोन क्रेडिट कार्डाच्या कंपनीला. वाटेतलं कार्ड रद्द करून नव्या नंबरचं मागवा. 'अजून अ‍ॅक्टिव्हेट केलेलं नाही' यावर विसंबू नका. चोरीच्या टपालात बाकीची माहिती असेल तर चोरही फोन करून ते चालू करून घेऊ शकतो. फोन नंबर जुन्या कार्डाच्या मागचा किंवा स्टेटमेंटवरचा घ्या. सर्च करून वर दिसेल तो नंबर फिरवू नका, त्यात खोट्या हेल्पलाइनी घुसलेल्या असतात.

दुसरं, क्रेडिट फ्रीज, म्हणजे आपल्या कर्जाच्या नोंदींची फाइल गोठवणं. या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्यूरो, तीन: इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन. तिन्हीकडे वेगवेगळा करावा लागतो. एकीकडे केला म्हणजे बाकी दोघींना आपोआप कळत नाही. २१ सप्टेंबर २०१८ पासून संघीय कायद्यानं तो सगळ्यांना फुकट आहे. ऑनलाइन किंवा फोनवर मागितलात तर एका कामकाजाच्या दिवसात लावावा लागतो, आणि उठवायला सांगितलंत तर तासाभरात उठवावा लागतो. फ्रीज असताना नवा सावकार तुमची फाइल उघडू शकत नाही, आणि फाइल न बघता सहसा कुणी नवं कर्ज किंवा कार्ड देत नाही. तुमची आत्ताची कार्डं चालू राहतात, स्कोअरला धक्का लागत नाही.

हे नवऱ्याचं आणि तुमचं, दोघांचं स्वतंत्रपणे करा. लग्न झालं तरी क्रेडिट फाइल एक होत नाही. मुलं असतील आणि त्यांना सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर १६ वर्षांखालच्या मुलांचाही फ्रीज आईवडिलांना फुकट करता येतो. त्याला मात्र कागदपत्रं पाठवावी लागतात, म्हणून तो पहिल्या दिवशी नाही केलात तरी चालेल. पण विसरू नका. मुलाच्या नावाची फाइल अठराव्या वर्षापर्यंत कुणी उघडून बघत नाही, चोराला तेच हवं असतं.

घडीचा_डाव

एवढं कशाला? फ्रॉड अलर्ट लावा की. एका ब्यूरोला सांगितलं की ती बाकी दोघींना कळवते. एक फोन, काम तमाम. फ्रीज केला की पुढे घर भाड्यानं घेताना, गाडी घेताना, दर वेळी उठाठेव.

जुना_जाणता

डावराव, एका फोनचं बरोबर आहे, पण अलर्ट म्हणजे नुसती सूचना. 'कर्ज देण्याआधी माणूस तोच आहे याची खात्री करा' अशी. ती खात्री समोरचा किती मनावर घेतो ते आपल्या हातात नसतं. शिवाय साधा अलर्ट एक वर्षात संपतो. फ्रीज आपण उठवेपर्यंत राहतो. दोन्ही एकत्र लावता येतात, मी तरी दोन्ही लावा म्हणेन.

आणि हो, ब्यूरोच्या साइटवर 'फ्रीज'च्या आधी 'लॉक' नावाचं बटण ठळक दिसतं. लॉक हे त्या कंपनीचं उत्पादन आहे, तिच्या अटींवर चालतं, काही ठिकाणी पैसेही लागतात. फ्रीज हा कायद्यानं दिलेला हक्क. साइट तुम्हाला लॉककडे ढकलते, तुम्ही फ्रीज शोधून काढा.

लांबचा_पल्ला

वर चेकचा विषय कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. टपालचोरीत आज चोरांचा सगळ्यात जास्त डोळा चेकवरच असतो.

आमच्या एका नातेवाइकांनी पाण्याच्या बिलाचा चेक टपालात टाकला. चेक वटला, म्हणून ते निश्चिंत. मग कंपनीची नोटीस आली की बिल थकलं आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये चेकचा फोटो उघडून बघितला तर सही त्यांचीच, तारीख त्यांचीच, खाली मेमोच्या ओळीत त्यांच्याच अक्षरात ग्राहक क्रमांक. फक्त वरचं नाव भलत्याच कुणाचं, आणि आकड्याला शून्य वाढलेलं. फोटो मोठा करून पाहिला तर नावाच्या मागची चेकची बारीक नक्षी तेवढ्याच पट्ट्यात फिकी पडलेली. बस, एवढाच काय तो पुरावा.

याला चेक वॉशिंग म्हणतात. सही झाकून बाकीची शाई रसायनानं धुतात आणि कोऱ्या जागेवर हवं ते लिहितात. अमेरिकेच्या अर्थखात्याच्या फिनसेन या विभागानं २७ फेब्रुवारी २०२३ ला यावर बँकांना इशारा दिला होता. त्यानंतरच्या सहाच महिन्यांत बँकांनी कळवलेल्या संशयित व्यवहारांची बेरीज ६८ कोटी ८० लाख डॉलर भरली.

बॉलपेनची साधी डाय शाई धुतली जाते. पिगमेंट शाईचं जेल पेन वापरलं तर शाई कागदाच्या धाग्यात मुरते आणि धुणं अवघड होतं. पण पेननं सगळं सुटत नाही. चेकच्या तळाशी राउटिंग नंबर (बँकेचा क्रमांक) आणि खाते नंबर छापलेलाच असतो. तेवढ्यावरून कोरे चेक छापतात. म्हणून चेक चोरीला गेला असेल तर बँकेतला माणूस म्हणेल 'स्टॉप पेमेंट टाका', तेवढ्यावर थांबू नका. स्टॉप पेमेंटनं तो एकच नंबर अडतो. खातं बंद करून नवं उघडायला सांगा. पगार, घराचे हप्ते सगळं हलवावं लागतं, वैताग आहे, पण दुसरा इलाज नाही.

आणखी एक. स्टेटमेंट दर महिन्याला बघायचंच, आणि चेकचे फोटो उघडून. नुसता आकडा जुळला म्हणून पुढे जायचं नाही. बनावट चेकची तक्रार उशिरा केली तर बँक हात वर करू शकते. कायद्यात वर्षाची कमाल मुदत आहे, त्याच चोराच्या पुढच्या चेकांसाठी ३० दिवसांची, आणि खात्याच्या करारात बँका ती आणखी आखडतात.

टिंबटिंब

म्हणजे इतकी वर्षं मुलाला अक्षर सुधार म्हणून ओरडलो ते चुकलंच. वाईट अक्षर असतं तर चोराला नक्कल तरी जमली नसती.

लांबचा_पल्ला

टिंबोबा, सही तर तो तुमचीच ठेवतो, नक्कल करतोच कुठे! :)

निरंजनी

चेक, कार्ड, फ्रीज सगळं बरोबर. पण पत्ता राहिला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. एकदा टपाल चोरलं की चोर पुढचं टपाल बसल्या जागी मिळवायचा प्रयत्न करतो. त्याचे दोन रस्ते.

एक, तुमच्या नावानं पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज. असा अर्ज झाला की पोस्ट जुन्या पत्त्यावर खात्रीचं पत्र पाठवतं. 'तुम्ही पत्ता बदलायला सांगितलाय' असं पत्र आलं आणि तुम्ही काहीच सांगितलेलं नसेल, तर जाहिरात समजून टाकून देऊ नका, त्याच दिवशी पोस्टात जा. गंमत अशी की हे पत्र येतं त्याच फुटक्या पेटीत. म्हणून पेटी दुरुस्त होईपर्यंत टपाल पोस्टातच अडवून ठेवा. होल्ड मेल ३ ते ३० दिवसांसाठी मिळतं. मग ओळखपत्र दाखवून खिडकीवरून घ्यायचं.

दुसरा रस्ता इन्फॉर्म्ड डिलिव्हरी. पोस्टाची ही फुकट सोय आहे, येणाऱ्या पत्रांच्या लिफाफ्यांचे काळेपांढरे फोटो सकाळी ईमेलवर येतात. सोय चांगलीच आहे. पण तुमच्या पत्त्यावर तुमच्या नावानं चोरानं आधी नोंदणी केली तर कुठल्या दिवशी कार्ड येणार ते त्याला तुमच्याआधी कळतं. २०१८ मध्ये सिक्रेट सर्व्हिसनं याच प्रकाराबद्दल पोलिसांना सावध केलं होतं. तेव्हा घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसानं आपापली नोंदणी करून टाकावी. केतकी, तुझी आधीच असेल तर आत्ता लगेच उघड. फोटो सात दिवस राहतात. काय गेलं याची निम्मी यादी तिथेच मिळेल, निदान लिफाफ्यांपुरती.

आणि प्रत्येक बँकेच्या, कार्डाच्या साइटवर जाऊन आपला पत्ता, ईमेल आणि फोन नंबर तपासा. चोर पैसे काढण्याआधी हे बदलतो, म्हणजे सूचना आपल्याला येतच नाहीत.

केतकीचं_बन

निरंजनी, तुझे आभार कसे मानू! नवऱ्याची नोंदणी होती. फोटोत बँकेचा जाड लिफाफा दिसला, म्हणजे कार्ड त्यात गेलं. ते रद्द केलं. टॅक्सच्या फॉर्मचाही एक लिफाफा दिसतो आहे, कंपनीच्या नावाचा. दोघांचा फ्रीज तिन्हीकडे झाला. एका ब्यूरोच्या साइटनं ओळख पटवायला नकार दिला, तिथे फोनवर करावं लागलं.

दोन प्रश्न. पोलीस म्हणतात ऑनलाइन नोंदवा, आम्ही काही येत नाही. त्या नोंदीचा उपयोग काय? आणि ईएडीचं काय करायचं?

घडीचा_डाव

काडीचा उपयोग नाही. आमच्या भागात कितीदा चोऱ्या झाल्या, कुणी सापडलं नाही. वेळ वाया.

निरंजनी

चोर सापडावा म्हणून तक्रार करतच नाही आपण, डाव. ती करायची आपल्या हातात कागद यावा म्हणून. उद्या कुणी तिच्या नावावर कर्ज काढलं तर 'हे माझं नाही' हे सिद्ध करायला सरकारी शिक्का लागतो.

केतकी, नोंद तीन ठिकाणी कर. पोस्टाच्या स्वतःच्या तपास खात्याकडे, म्हणजे पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे, कारण टपालचोरी हा संघीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. पोलिसांची ऑनलाइन नोंद कर आणि तिचा नंबर जपून ठेव. तिसरी जागा आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह, ही फेडरल ट्रेड कमिशनची साइट. पण तिथे माहितीचा गैरवापर प्रत्यक्ष झाल्यावरच जा, नुसतं टपाल गेलं म्हणून नको. तिथून जो आयडेंटिटी थेफ्ट रिपोर्ट तयार होतो त्याच्यात खरी ताकद आहे. तो दिला की क्रेडिट ब्यूरोला खोटी नोंद चार कामकाजाच्या दिवसांत झाकावी लागते, आणि वर जुना_जाणता म्हणाले त्या एका वर्षाच्या अलर्टऐवजी सात वर्षांचा मिळतो. तो रिपोर्ट शपथेवर असतो, म्हणून त्यात अंदाजपंचे काही लिहायचं नाही.

ईएडीसाठी यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशन विभागाच्या, साइटवर तुझ्या खात्यात ट्रॅकिंग नंबर दिसतो का बघ. 'पोचलं' असं दिसत असेल आणि हातात नसेल तर कार्ड न मिळाल्याची चौकशी ऑनलाइन टाकता येते. चौकशीनं हलत नसेल तर मात्र वकिलाशी बोल. इथे कुणाचं ऐकून फॉर्म भरू नकोस, माझंही नको.

रानवाट

टॅक्सचा लिफाफा गेला हे वाचून राहवलं नाही. त्या फॉर्मवर नाव, पत्ता आणि उत्पन्न असतं. सोशल सिक्युरिटी नंबरचे कधी कधी शेवटचे चारच आकडे छापतात, कधी पूर्ण नऊ. चोर काय करतो, तर तुमच्या आधी तुमच्या नावानं खोटं रिटर्न भरतो आणि रिफंड आपल्या खात्यात वळवतो. तुम्ही भरायला जाता तेव्हा साइट म्हणते, या नंबरचं रिटर्न आधीच आलं आहे.

याला क्रेडिट फ्रीजचा शून्य उपयोग, कारण आयआरएस, म्हणजे इथलं टॅक्स खातं, काही क्रेडिट फाइल बघून रिफंड देत नाही. त्यावर उपाय आयपी पिनचा. आयआरएस सहा आकडी नंबर देते, तो घातल्याशिवाय तुमच्या नावाचं ई-रिटर्न स्वीकारलं जात नाही. दर वर्षी नवा पिन मिळतो. आधी हा मुख्यतः फसवणूक झालेल्यांना मिळायचा, २०२१ पासून ओळख पटवू शकेल त्या कुणालाही मिळतो. तुमचं रिटर्न खरंच कुणी आधी भरलं असेल तर फॉर्म १४०३९.

टॅक्ससारखंच आणखी दोन कोपरे क्रेडिट ब्यूरोच्या बाहेर राहतात. तुमच्या नावानं बँकेत खातं उघडलं जाणं, त्यासाठी बँकखात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या चेकसिस्टम्सकडे वेगळा फ्रीज मिळतो. आणि फोन, वीज यांची कनेक्शनं, त्यांच्या नोंदी ठेवते एनसीटीयूई, तिच्याकडेही तसाच. दोन्ही फुकट. बहुतेकांना ही नावंच माहीत नसतात.

आजोळ

चांगली चर्चा. पण आमच्यासारख्या भारतात राहणाऱ्यांचं काय? माझ्या सासूबाईंचं चेकबुक कुरिअरनं आलं म्हणे, सही आहे, पण आमच्या घरात कुणाच्याच हातात आलेलं नाही. कुरिअर कंपनी म्हणते दिलं. इथे फ्रीज वगैरे कुठे विचारू?

जुनी_शाई

आजोळ, इथला क्रम थोडा वेगळा आहे.

आधी बँकेत लेखी द्या की चेकबुक मिळालेलं नाही, सगळे नंबर थांबवा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. ही पोच फार मोलाची आहे. खोट्या सहीच्या चेकवर बँकेनं पैसे दिले तर तो ग्राहकाचा आदेशच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात म्हटलं होतं. पण बँकेशी वाद घालताना तुम्ही वेळेवर कळवलं हे दाखवणारा कागद लागतोच. मोठ्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे चालू करून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून ही सोय आहे, ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी. तुम्ही नाव, तारीख, रक्कम आधी कळवायची, बँक जुळवून बघते.

मग क्रेडिट रिपोर्ट. आपल्याकडे कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम. चौघींचे वेगवेगळ्या तिमाहीत मागवलेत तर वर्षभर नजर राहते. अनोळखी कर्ज किंवा अनोळखी बँकेची 'चौकशी' दिसली की तिथेच वाद नोंदवा. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. सासूबाईंचा मोबाइल आणि ईमेल रिपोर्टमध्ये बरोबर आहे ना ते बघा, कारण कुणी रिपोर्ट उघडला की येणारी सूचना त्यावरच येते.

आधार, पॅनचे कागद गेले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. यूआयडीएआयच्या साइटवर आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहास दिसतो. आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर बघा, तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत. नको तो नंबर तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवता येतो. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, नंतर सायबरक्राइमच्या पोर्टलवर तक्रार. दुसऱ्याची ओळख वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. एफआयआर घ्यायला पोलीस कां-कूं करतात तेव्हा हे कलम तोंडपाठ असलेलं बरं.

सातासमुद्रा

ब्रिटनवाल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेसारखा कायदेशीर फ्रीज इथे नाही. सिफास या फसवणूक रोखणाऱ्या संस्थेचं प्रोटेक्टिव्ह रजिस्ट्रेशन घ्या, पैसे पडतात, दोन वर्षं चालतं. तुमच्या नावाचा अर्ज आला की सभासद बँका जास्त तपासणी करतात. शिवाय क्रेडिट फाइलला २०० शब्दांपर्यंतचं निवेदन जोडता येतं, त्यात 'माझं टपाल चोरीला गेलं आहे, नीट खात्री करा' असं लिहून ठेवतात.

पिंपळपान

एक शंका. महिन्याला पैसे घेऊन 'तुमच्या ओळखीवर आम्ही लक्ष ठेवतो' म्हणणाऱ्या कंपन्या असतात ना, त्या घ्याव्यात का? नवरा मागे लागला आहे.

जुना_जाणता

माझं मत विचाराल तर नाही. त्यांचं काम म्हणजे चोरी झाल्यावर 'चोरी झाली' असा मेसेज पाठवणं. फ्रीज ती होऊच देत नाही, आणि तो फुकट. तिन्ही ब्यूरोंचे रिपोर्ट आठवड्याला एकदा फुकट बघता येतात, अ‍ॅन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर, तेवढं पुरे. एखाद्या कंपनीकडून तुमची माहिती फुटली म्हणून तिनं वर्षभर ही सेवा फुकट दिली तर घ्या, फुकटचं सोडू नका. खिशातून देऊ नका.

त्यापेक्षा टपाल कमी करा. 'तुम्हाला कार्ड मंजूर झालंय' अशी न मागितलेली पत्रं येतात ना, ती चोरासाठी अर्धा भरलेला अर्जच. ऑप्टआउटप्रीस्क्रीन या साइटवर पाच वर्षांसाठी ती बंद करता येतात, फॉर्म टपालानं पाठवला तर कायमची. बाकी स्टेटमेंटं ऑनलाइन घ्या. त्यामुळे सगळा भार ईमेलवर येतो हे मात्र लक्षात ठेवा. ईमेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नको, आणि टू-स्टेप (पासवर्डनंतरचा दुसरा कोड) शक्यतो अ‍ॅपवर, एसएमएसवर नको.

आणि चेक पाठवायचाच असेल तर घरच्या पेटीत 'टपाल न्या' म्हणून झेंडा वर करून ठेवू नका, रस्त्यावरच्या निळ्या डब्यातही शेवटची उचल होऊन गेल्यावर टाकू नका. रात्रभर तिथेच पडून राहतो. पोस्टात आत जाऊन द्या.

केतकीचं_बन

बऱ्याच आठवड्यांनी अपडेट. ईएडी मिळालं, ते त्या रात्रीच्या टपालात नव्हतंच. आयपी पिन दोघांनी घेतला.

पण काल एका मोठ्या दुकानाच्या क्रेडिट कार्डाचं पत्र आलं, माझ्या नावानं. 'आपला अर्ज मंजूर करता आला नाही, कारण क्रेडिट फाइल पाहता आली नाही.' मी कुठलाही अर्ज केलेला नाही! पत्र हातात धरून दोन मिनिटं नुसती उभी होते. म्हणजे माझी माहिती कुणाकडे तरी आहेच, आणि तो प्रयत्न करतो आहे. फ्रीजनं अडवलं. आता हे पत्र ठेवून द्यायचं की आणखी काही करायचं?

निरंजनी

करायचं. हे पत्र म्हणजे गैरवापर झाल्याचा पुरावा, आता फेडरल ट्रेड कमिशनच्या साइटवर रिपोर्ट तयार कर. पत्राच्या तळाशी ब्यूरोचं नाव असेल, तिचा रिपोर्ट काढून चौकशीची नोंद पडली आहे का बघ. पडली असेल तर ती काढून टाकायला सांग. मग त्या कार्ड कंपनीच्या फसवणूक विभागाला फोन करून अर्ज खोटा असल्याची नोंद करायला लाव. आणि लेखी माग, त्या अर्जाची प्रत. ओळखचोरी झालेल्या माणसानं रिपोर्ट जोडून लेखी मागितलं की कंपनीला तीस दिवसांत अर्जाचे कागद फुकट द्यावे लागतात. त्यावर चोरानं कुठला पत्ता, फोन आणि ईमेल दिला ते दिसतं. ती माहिती पोस्टाच्या तपास खात्याला कळव, तुझ्या पहिल्या तक्रारीचा नंबर टाकून. एकाच पॅनेलमधून कितीतरी घरांचं टपाल गेलं आहे. तोच फोन नंबर आणखी कुणाच्या अर्जावर निघाला तर तपासाला धागा मिळतो. शेजाऱ्यांनाही सांग, त्यांच्यातल्या कितीजणांनी फ्रीज केला असेल देव जाणे.

घडीचा_डाव

ठीक आहे, फ्रीजबद्दल माझं म्हणणं मागे घेतो. आता एकच सांगा. पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतो आहोत. नवा घरमालक क्रेडिट बघणार. तीनही उठवायचे का?

जुना_जाणता

नाही. घरमालकाला किंवा त्याच्या एजंटला विचारा, कुठल्या ब्यूरोचा रिपोर्ट काढणार. तेवढीच एक उठवा, तीही तारखेपासून तारखेपर्यंत. मुदत संपली की फ्रीज आपोआप परत लागतो. आणि पत्ता बदलल्याचा अर्ज पोस्टात देऊन ठेवा, नाहीतर जुन्या पेटीत महिनाभर तुमचं टपाल साचत राहील.

घडीचा_डाव

एजंट म्हणाला ट्रान्सयुनियन. आठवड्यापुरता उठवला. बाकी दोन तसेच आहेत.